रेघेच्या वर चार बोटं

मित्रांनो, आधी त्या डाव्या पायरीवरून खाली उतरा बरं. ती पार गंजली आहे. तुमचा पाय अडकला तर तुमच्या आया माझ्याच नावाने बोटं मोडतील. हां, असं. आता त्या दगडावर बसा आणि थोडा वेळ कालवा थांबवा. मी एक जुना आगीचा बंब आहे. शहरातल्या बंबांसारखी लांबलचक शिडी माझ्या डोक्यावर कधी नव्हती. चकचकीत इमारती मी पाहिल्याही नाहीत. मी माळावरचा बंब, वाळलेल्या गवताला वणवा लागला की धावणारा. आता अग्निशमन केंद्राच्या मागच्या अंगणात उभा आहे. माझ्या एका बाजूचा रंग जळून गेलेला तुम्ही पाहिलाच असेल, कारण तिथेच तुम्ही खडूने चित्रं काढता.

काढा हो, चित्रांचं मला काही नाही. माझ्या स्टीअरिंगवर बसून तोंडाने भोंगा वाजवता तेही मला आवडतं. पण मागच्या महिन्यात तुमच्यातलं कुणीतरी केंद्राच्या दारात फोनपाशी बसलेल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून म्हणालं, "तो बघ, बंब जाळणारा!" आणि तुम्ही सगळे खिदळलात. मला तेव्हा तोंड असतं तर असा ओरडलो असतो की तुम्हाला पळता भुई थोडी झाली असती. त्या माणसाच्या नावाला लागलेला बट्टा खोटा आहे. सात वर्षं ही गोष्ट फक्त दोघांना माहीत होती, त्याला आणि मला. तो बोलत नव्हता आणि मला बोलता येत नव्हतं. म्हणून आज पहिल्यापासून सांगतो.

कारखान्यातून मी बाहेर पडलो तो साधा मालाचा ट्रक म्हणून. मग मला एका मोठ्या शेडमध्ये आणलं. तिथे एक मिस्त्री होते. सगळे त्यांना मिस्त्रीकाका म्हणत. बोलायला कडू, हाताला गोड. त्यांनी माझ्या पाठीवर पाण्याची मोठी टाकी बसवली, मागे पंप बसवला, टाकीच्या मागच्या फळीवर एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा केली आणि धरायला लोखंडी कठडा जोडला. शेवटी ड्रायव्हरला खिडकीतून मान वळवली की दिसेल अशी एक उभी पारदर्शक नळी टाकीच्या अंगाला लावली. तिचं खालचं तोंड टाकीत उघडायचं. टाकीत जेवढं पाणी, नळीत तेवढंच. पाणी किती उरलं हे कळायला एवढी एकच सोय होती.

मग मिस्त्रीकाकांनी ब्रश घेतला आणि पाव टाकी उरते त्या उंचीला नळीवर तांबडी रेघ ओढली. माझ्या पहिल्या ड्रायव्हरला बोलावून म्हणाले, "ही रेघ बघून ठेव. हिच्या वरचं पाणी आगीचं. हिच्या खालचं आपल्या माणसांचं. आग अंगावर आली तर स्वतःभोवती फवारा मारून बाहेर पडायला एवढं पाणी लागतं. कुणाचं घर जळू दे, नाहीतर राजवाडा जळू दे, या पाण्याला हात लावायचा नाही."

"काका, मी रेघेच्या वर चार बोटं असतानाच थांबेन," ड्रायव्हर म्हणाला.

"एवढा भित्रा?"

"भित्रा नाही. सावकाश."

झालं! त्या दिवसापासून त्याचं नाव सावकाश पडलं. आगीच्या बंबाचा ड्रायव्हर आणि नाव सावकाश, यावर लोकांनी किती हसून घ्यावं! फोनवर कुणी किंचाळायचं, "लवकर बंब पाठवा!" आणि इकडून उत्तर जायचं, "सावकाश येतोय." दोन-तीनदा लोकांनी खरंच भांडण काढलं.

पण त्याला सावकाश म्हणणाऱ्यांनी त्याला आगीत पाहिलं नव्हतं. गवताची आग म्हणजे काय हे त्याला जेवढं कळत होतं तेवढं मी नंतर कुणात पाहिलं नाही. तो म्हणायचा, वणव्याला जनावरासारखी शेपूट असते, दोन कुशी असतात आणि तोंड असतं. वारा ज्या दिशेला वाहतो तिकडे तोंड. नवखा माणूस तोंडासमोर जाऊन उभा राहतो आणि गिळला जातो. आम्ही नेहमी शेपटाकडून शिरायचो. जिथे गवत जळून गेलं आहे त्या जमिनीला आम्ही काळं म्हणायचो आणि न जळलेल्याला पिवळं. काळ्यात पुन्हा जळायला काही उरलेलं नसतं, म्हणून चाकं काळ्यात ठेवायची आणि पाणी कडेवर मारायचं. पंप चालू ठेवून माणसाच्या चालीने कुशीकुशीने पुढे सरकायचं. आग दोन्ही बाजूंनी आवळत गेली की तोंड आपोआप बारीक होतं. थांबायचं तर नाक बाहेरच्या वाटेकडे करून थांबायचं, इंजिन बंद करायचं नाही. आणि उंच वाळक्या गवतात तर चुकूनही उभं राहायचं नाही.

हे शेवटचं आम्ही चुकून शिकलो, तेही सांगतो. अगदी पहिल्या वर्षी एक आग विझवून आम्ही परत निघालो. वाटेत सावकाशने पाणी प्यायला मला जरा कडेला घेतलं. माझा सायलेन्सर तापून लाल झालेला आणि पोटाखाली गुडघाभर गवत. दोन मिनिटांत माझ्या खालूनच धूर! आग विझवायला गेलेला बंब आग लावून परत आला, असं आठवडाभर गावभर झालं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं वाटलं. सावकाश मात्र स्वतःवरच हसला आणि पुढे प्रत्येक नव्या माणसाला ही फजिती पहिल्याच दिवशी सांगत राहिला. त्याचं म्हणणं असं, की चूक लपवली तर ती दुसऱ्याच्या वाट्याला येते. मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे तो स्वतःच ते विसरला.

अकरा वर्षं आम्ही काम केलं. शाळेची दोन छपरं, एक दवाखाना, सरपणाची वखार, किती गंज्या आणि किती गोठे वाचवले याचा मी हिशेब ठेवला नाही. आम्ही परतलो की रस्त्याच्या कडेला लोक उभे राहत, कुणी माझ्या बॉनेटवर थाप मारी. मला ते फार आवडायचं. अजून आठवलं की माझ्या पत्र्याला ऊब येते.

मग सावकाशची धाकटी बहीण आमच्याकडे कामाला लागली. तिचं नावच धाकटी पडलं. ती त्याच्याहून चौदा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा सावकाशनेच तिला वाढवली. तिच्या वेण्या घालायला तो शेजारणीकडून शिकला होता, आणि पहिल्या वेण्या इतक्या वाकड्या झाल्या की शाळेत सगळे तिला हँडल म्हणायचे, असं ती स्वतः सांगे. ती अंगाने किडकिडीत, पण पाण्याचा पाइप धरला की दोन गड्यांना ऐकायची नाही. माझ्या मागच्या फळीवर ती उभी राही. तो पुढून विचारी, "धाकटे, ठीक?" ती मागून ओरडे, "ठीक!" एवढ्या दोन शब्दांवर आमचं सगळं काम चाले.

तीन वर्षांनी मिस्त्रीकाका कामावरून उतरले. जाताना त्यांनी धाकटीच्या हातात एक लांब तार दिली. तिच्या टोकाला त्यांच्या जुन्या सदऱ्याची पांढरी चिंधी बांधलेली होती. म्हणाले, "दर शनिवारी टाकी पूर्ण रिकामी करायची, नळीचं वरचं बूच काढायचं आणि ही तार घालून नळी आतून पुसायची. तळ्याचं पाणी गढूळ आहे, शेवाळ धरतं. चौदा वर्षं मी एक शनिवार चुकवला नाही."

"हो काका, काळजीच नको," धाकटी म्हणाली.

काही आठवडे तिने मनापासून केलं, चिंधी दर वेळी धुऊन पांढरी करून ठेवली. पण मग गवत वाळायचे दिवस आले. रोज कुठे ना कुठे धूर. शनिवारी टाकी रिकामी करायची म्हणजे पुन्हा तळ्यावर जाऊन भरायची, आणि तेवढ्यात फोन आला तर? एक शनिवार राहिला. मग दुसरा. मग तिने तार माझ्या सीटच्या मागच्या खिळ्याला अडकवली आणि नळी बाहेरून ओल्या फडक्याने पुसायला लागली. बाहेरून ती आरशासारखी चमकायची. सावकाश विचारी, "नळी झाली?" ती म्हणे, "चकाचक!" ती खोटं बोलत नव्हती, तिला खरंच ते काम झाल्यासारखं वाटत होतं. आणि तो कधी वाकून बघत नव्हता, कारण ते सांगणारी त्याची बहीण होती.

आता नीट ऐका, कारण खरी गोम इथे आहे. आम्ही दर वेळी रेघेच्या वर चार बोटं पाणी उरलं की थांबायचो आणि तळ्यावर जाऊन पुन्हा भरायचो. त्याच्या खालचं पाणी कधी हललंच नाही. महिनेच्या महिने ते नळीत तिथेच उभं राहिलं आणि आतून गाळ धरत गेलं. गाळाचा रंग पाण्यासारखाच, हिरवट मातकट. त्याची वरची कड बरोबर रेघेच्या वर चार बोटं. म्हणजे टाकी पूर्ण रिकामी झाली असती तरी नळीत चार बोटं वर पाणी आहे असंच दिसलं असतं. आमच्या शिस्तीनेच तो डाग पाडला होता. माझ्या अंगावर तो वाढताना मला कळत होता, पण बंबाचं ऐकतो कोण!

त्या दिवशी दुपारची वेळ होती. वारा सकाळपासून सुटलेला. माळाच्या वरच्या अंगाला वणवा लागला, कशाने लागला देव जाणे. आम्ही शेपटाकडून शिरलो, डावी कूस धरली आणि दोन तासांत बरीच आवळत आणली. तेवढ्यात एक मेंढपाळ काळ्यातून धावत आला, पायात एकच चप्पल.

"दादा, माझा मेंढरांचा वाडगा तिकडे ओढ्यापलीकडे आहे! मेंढरं सोडलीत सगळी, पण एक आजच व्यालेली आहे. ती उठेना. दोन पिल्लं आहेत तिच्यापाशी."

ओढ्याचा चर खोल होता. काळ्यातून तिकडे जायला वाट नव्हती. जायचं तर दोनशे पावलं पिवळ्यातून, म्हणजे न जळलेल्या गवतातून, वळसा घालून जावं लागणार होतं. सावकाशने आधी वाऱ्याकडे बघितलं, मग मान वळवून नळीकडे. रेघेच्या वर चार बोटं. त्या वेळी तेवढं पाणी खरंच होतं.

"धाकटे, ही चार बोटं वापरू. रेघ आली की निघायचं. ठीक?"

"ठीक!"

मेंढपाळाला काळ्यातच थांबायला सांगून त्याने मला गवत सगळ्यात आखूड होतं तिथून नेलं, वाडग्यापाशी वळवून नाक बाहेरच्या वाटेकडे केलं आणि इंजिन चालू ठेवलं. म्हणजे बघा, पिवळ्यात शिरावं लागलं तरी बाकी एकही नियम त्याने सोडला नाही; मिस्त्रीकाकांचा नियम रेघेचा होता, वरची चार बोटं त्याने स्वतःहून जास्तीची ठेवलेली. धाकटीने वाडग्याचं कुंपण भिजवलं, छप्पर भिजवलं, भोवतीचं गवत भिजवलं. सावकाशने नळीकडे पाहिलं. चार बोटं. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. धूर दाटला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. तरी चार बोटं. "वा गं, पाणी जपून वापरतेस हं आज!" तो ओरडून म्हणाला. मी आतून रिकामा होत चाललो होतो. रेघ गेली, तिच्या खालचं अर्धं गेलं, आणि तो माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवत होता. माझ्या उभ्या आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नाही.

मग वारा फिरला. कूस होती तिचं तोंड झालं आणि ते आमच्याकडे वळलं. सावकाश ओरडला, "फवारा मागे घे, निघायचं!" तेवढ्यात माझ्या पंपाचा आवाज बदलला. पाण्याऐवजी तो हवा ओढायला लागला होता. पाइप दोनदा खोकला आणि थांबला.

"दादा, पाणी नाही!"

"आहे गं, रेघेच्या वर आहे!"

"दादा, नाही!"

केबिनमध्ये यायला तिला वेळ नव्हता. ती टाकीच्या आडोशाला फळीवर खाली बसली आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. आगीच्या पुढे पळून काही उपयोग नव्हता, पळणाऱ्याला ती गाठतेच. सावकाशने मला आगीवरच घातलं, गवत आखूड होतं नेमकं त्या जागी, पलीकडच्या काळ्यात जाण्यासाठी. फार वेळ लागला नाही, दहा-बारा श्वास असतील. तेवढ्यात माझी एक बाजू जळाली, एक टायर फुटला. आणि माझा लोखंडी कठडा तापला. तो सोडला असता तर ती खाली आगीत पडली असती. तिने तो सोडला नाही. मित्रांनो, तिचे हात माझ्या कठड्याने भाजले. ते मी अजून विसरलेलो नाही आणि मला ते विसरायचंही नाही.

मेंढी आणि तिची पिल्लं वाचली. भिजवलेल्या वाडग्याला वळसा घालून आग निघून गेली. पण लोक म्हणाले, एका मेंढीसाठी सख्ख्या बहिणीला जाळायला निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ओढून केंद्रात आणलं होतं. चौकशीचे साहेब यायला अजून तासभर होता. सावकाश एकटाच दवाखान्यातून सरळ माझ्यापाशी आला, अंगावर कालचेच काजळलेले कपडे. त्याने टाकीत वाकून पाहिलं. कोरडी. मग नळीकडे पाहिलं. चार बोटं. मग त्याने बूच काढलं, नळी खालून सोडवली आणि आत बोट घातलं. बोट हिरवं होऊन बाहेर आलं.

तेव्हा त्याला सगळं कळलं. नळी कुणाकडे होती तेही कळलं. त्याने सीटमागून तार काढली आणि नळी आतून पुसायला लागला. मी जिवाच्या आकांताने म्हणत होतो, अरे, नको! तीच तर तुझी साक्ष आहे. साहेबांना दाखव! पण त्याने पुसली. तीनदा पुसली, पाणी घालून खळखळून धुतली, जागेवर बसवली. आणि इतक्या वर्षांची सवय म्हणून तार पुन्हा त्याच खिळ्याला अडकवली.

साहेब आले. त्यांनी नळी उजेडात धरून पाहिली. "नळीत तर काही दोष नाही. मग पाणी रेघेखाली गेलंच कसं?"

"माझं लक्ष नव्हतं, साहेब," सावकाश म्हणाला.

त्याच्या हातून गाडी काढून घेतली आणि त्याला दारातल्या फोनपाशी बसवलं. मला मागे आणून उभं केलं. तेव्हापासून आम्ही दोघेही इथेच आहोत.

धाकटी बरी झाली, पण तिची बोटं पुरती मिटत नाहीत. पाइप धरता येईना, म्हणून ती नव्या लोकांना शिकवायला लागली. दर वर्षी नवी तुकडी घेऊन ती माझ्यापाशी येई, माझ्या जळक्या बाजूवर हात ठेवी आणि सांगे, "नियम मोडला की काय होतं ते बघा. रेघेच्या वर चार बोटं म्हणजे चार बोटं. माझ्या सख्ख्या भावाला एकदा हाव सुटली, म्हणून सांगते." फोनची खुर्ची इथून दहा पावलांवर आहे. सावकाश ते दर वर्षी ऐकायचा आणि मान खाली घालून वहीत काहीतरी लिहायचा.

आणि रोज सकाळी काय व्हायचं ठाऊक आहे? तिला त्या बोटांनी वेणी घालता येत नाही. कामावर आली की ती फोनपाशी स्टुलावर पाठ करून बसायची आणि तो तिची वेणी घालायचा. आता वेणी सरळ यायची. दोघं फारसं बोलत नसत. तिने त्याला टाकलं नव्हतं, पण माफही केलं नव्हतं. हे सगळं बघून मला काय वाटायचं ते तुम्हाला कसं सांगू? मला त्याचा रागही यायचा. मोठा आला गप्प बसणारा!

गेल्या आठवड्यात धाकटीला तार हवी झाली. नवा बंब आहे ना, पुढे शेडमध्ये उभा असतो तो, त्याच्या पंपात काहीतरी अडकलं होतं. तिला आठवलं, मिस्त्रीकाकांची लांब तार जुन्या गाडीत आहे. ती माझ्या केबिनमध्ये चढली, सीटमागे हात घातला आणि तार ओढून काढली.

चिंधी काळीहिरवी होती, वाळून खडकासारखी कडक.

ती चिंधी तिने शेवटची टांगली तेव्हा पांढरी होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि त्यानंतर आपण ती एकदाही वापरली नाही, हेही. ती सीटवर बसली. चिंधीकडे बघितलं, नळीकडे बघितलं. मग उतरली आणि सरळ फोनपाशी गेली.

"दादा, नळी तू पुसलीस?"

त्याने वहीतून मान वर केली नाही. "हो."

"कधी?"

"दुसऱ्या दिवशी."

"का?"

"घाण होती."

"दादा!" तिचा आवाज फाटला. "सात वर्षं मी तुझं नाव घेऊन लोकांना शिकवते! तुझ्या तोंडावर! तू मला खोटारडी केलंस. मला एका शब्दाने सांगायचं तरी!"

"केव्हा सांगू? तुझ्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. भाजलेल्या पोरीला आणखी किती भाजायचं?" मग हळूच म्हणाला, "आणि तू शिकवतेस ते चांगलंच आहे की. नियम पाळतात पोरं."

"नियम पाळतात," ती म्हणाली आणि एकदम थांबली. तिचा चेहराच बदलला. "नियम पाळतात, दादा. चार बोटांवर थांबतात. दर वेळी. नवा बंब येऊन चार वर्षं झाली."

तिने तार उचलली आणि शेडकडे गेली. नव्या बंबालाही तशीच नळी आहे. नळी आतून पुसायला हवी हे कुणाला कुणी सांगितलंच नव्हतं. कारण आमच्या अपघातातून सगळे शिकले ते एवढंच, की ड्रायव्हर हावरट होता. तिने बूच काढलं, नळी खालून सोडवली. मी इथून बघत होतो. सावकाशही बघत होता. तिने आत बोट घातलं आणि वर धरलं. हिरवं.

आणि मित्रांनो, ज्या माणसाला मी एकवीस वर्षांत कधी पळताना पाहिलं नव्हतं, तो फोन, वही, चष्मा सगळं टाकून पळत सुटला. अंगण ओलांडताना त्याची एक चप्पल मागे राहिली. त्याने ते बोट बघितलं आणि मटकन खाली बसला. त्या बंबावर रोज सहा माणसं चढतात. त्याने सात वर्षांपूर्वी पुसलेला डाग पुन्हा तिथे उभा होता, आणि या वेळी दुसऱ्यांच्या जिवावर.

"मी फक्त तुझा विचार केला गं," तो म्हणाला.

ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली.

काल शनिवार होता. नवी तुकडी माझ्यापाशी आली, आणि जुने लोक, नवे साहेब, सगळ्यांनाच धाकटीने बोलावलं होतं. तिने माझ्या जळक्या बाजूवर हात ठेवला. तोंडातून शब्द फुटेना.

"सावकाश सांग," मागून आवाज आला. दोन-तीन जण हसले. तीही रडता रडता हसली, आणि मग सांगितलं. "नळी आतून पुसायचं काम माझं होतं. मी ती बाहेरून पुसली. माझ्या भावाने रेघेचा नियम मोडला नव्हता. त्याने तीनदा नळी बघितली आणि तीनदा माझी घाण बघितली." मग तिने नव्या बंबाची नळी, त्या दिवशीच काढून न पुसता ठेवलेली, सगळ्यांच्या हातात फिरवली. प्रत्येकाने आत बोट घातलं. हसणं केव्हाच थांबलं होतं.

तुकडीतली एक मुलगी धीर करून म्हणाली, "ताई, म्हणजे चूक तुमचीच ना? यांची काहीच नव्हती."

धाकटी मान हलवणार, तेवढ्यात सावकाश पुढे आला.

"दोघांची," तो म्हणाला. "तिने पुसली नाही, ही तिची चूक. मी पुसली, ही माझी."

तर मित्रांनो, मला एवढंच सांगायचं होतं. तुमच्या हाती दिलेली वस्तू बाहेरून चमकवून मोकळे होऊ नका, तिच्या आत बोट घालून बघा. आणि कुठे डाग सापडला तर तो जरूर पुसा, पण आधी चारचौघांना दाखवा. मग तो आपल्या माणसाचा असला तरी. आपल्या माणसाचा असला तर आधी दाखवा.

जा आता, घरी वाट बघत असतील. आणि दारातून जाताना फोनपाशी कुणी दिसलं नाही तर घाबरू नका. ते शेडमध्ये असतील, तार धुवत.